डावीकडून तिसरा खांब

नळकाम करणाऱ्या त्या माणसाला विद्यापीठात सगळे सुई म्हणत. चोवीस वर्षांपूर्वी तो देखभाल विभागात लागला तेव्हा खरोखरच सुईसारखा होता. दुसऱ्याचा हात जिथे जायचा नाही, तिथे हा खांद्यापर्यंत शिरायचा. टाकीत, गटारात, छताच्या पोटात, भिंतींच्या मधल्या फटीत, कुठेही. आता वय एकोणपन्नास. पोट सुटलं होतं, पण नाव काही सुटलं नव्हतं, आणि त्या नावाला जागायची त्याला खोड होती.

त्याची बायकोही तिथेच नोकरीला होती. प्रशासकीय इमारतीत तळमजल्यावर, टपाल खोलीत. येणाऱ्या कागदाला आवक क्रमांक आणि जाणाऱ्या कागदाला जावक क्रमांक द्यायचा, हे तिचं काम. तिला लोक जावकबाई म्हणत. तोंडाने फटकळ, कामाला चोख.

ही प्रशासकीय इमारत म्हणजे विद्यापीठाचा चेहरा. रुंद पायऱ्या, पायऱ्यांवर चाळीस फुटी आठ गोल खांब आणि खांबांच्या डोक्यावर भलंमोठं त्रिकोणी कपाळ. पाहणाऱ्याला वाटतं, खांब अखंड दगडाचे आहेत. तसं काही नाही. आत वीट, वरून चुन्याचा घोटीव गिलावा आणि मधोमध पोकळी. गच्चीवरचं पाणी या पोकळीतून बिडाच्या पाइपाने खाली उतरतं आणि पायऱ्यांच्या कडेला एका जाळीतून बाहेर पडतं. बाहेरून एकही पाइप दिसू नये म्हणून बांधणाऱ्यांनी केलेली ही युक्ती.

इमारत वारसा यादीत होती. म्हणजे साधा खिळा मारायचा तरी वारसा समितीची परवानगी हवी. आधीच्या कुलसचिवांनी एक पाटी लावायला भिंतीला चार भोकं पाडली, तर त्यांची चौकशी लागली. ते निवृत्त झाले, चौकशी अजून नोकरीत होती.

त्या वर्षी इमारतीला शंभर वर्षं झाली. समारंभ ठरला, पाहुणे ठरले, रंगाचे हात मारून झाले, परांची उतरवली. आणि समारंभाला चार दिवस उरले असताना डावीकडून तिसऱ्या खांबावर, बरोबर मध्यावर, ओलीचा डाग उमटला. परत रंग मारला. डाग परत आला, आधीपेक्षा मोठा.

देखभाल विभागाच्या प्रमुख एक तरुण इंजिनिअरबाई होत्या. येऊन वर्षच झालं होतं. त्यांनी गच्चीवर जाऊन पोकळीचं झाकण उघडलं, विजेरीने आत पाहिलं आणि सांगितलं, "आतला पाइप कुठेतरी निसटलाय. केबलवरचा कॅमेरा मागवलाय, तो सोमवारी येईल. तोवर आत कोणीही उतरायचं नाही. समारंभात डाग दिसला तर दिसला."

शुक्रवारी संध्याकाळी कुलसचिव पायऱ्या उतरता उतरता खांबापाशी थांबले. सुई तिथेच पाइपाची जाळी साफ करत होता.

"हा डाग उद्या असाच राहणार का हो?"

"बाई म्हणतात सोमवारी बघू, साहेब."

"सोमवारी बघून काय लोणचं घालायचंय? तुम्ही जुने माणूस. बघा काही जमलं तर."

एवढं बोलून ते गाडीत बसले. पण सुईच्या डोक्यात ते "तुम्ही जुने माणूस" रात्रभर घुमत राहिलं.

सकाळी घरून निघताना बायकोने विचारलं, "त्या खांबात उतरणार नाही ना तुम्ही?"

"छे गं. वरून बघणार नुसतं."

आठला तो गच्चीवर होता. बरोबर विभागाचा गवंडी होता, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. आडदांड माणूस, सुईचा वीस वर्षांचा जोडीदार. तो कुरकुरला, "बाई नको म्हणाल्यात. त्या येऊ देत तरी."

"बाईंना येऊन वर्ष झालं. मला या इमारतीची आतडी पाठ आहेत. दहा मिनिटांचं काम आहे, धर दोर."

त्याने काखेखालून दोर बांधला आणि भोकात पाय सोडले. दीड-पावणेदोन फुटांची पोकळी, त्यात एका बाजूला पाइप. तोंडाशीच पोट अडलं. मिस्त्री हसला. सुईने श्वास सोडून पोट आत ओढलं आणि सुळकन खाली सरकला. विटांमध्ये बसवलेल्या लोखंडी सळया पायऱ्यांसारख्या पायाला लागत होत्या. वरचा उजेड थाळीएवढा होता, मग वाटीएवढा झाला. चुना कपाळावरून डोळ्यांत येत होता. साधारण अठरा फुटांवर हाताला ओल लागली. सांधा सुटला होता. वरचा पाइप खालच्या पाइपाच्या तोंडातून अर्धा बाहेर आला होता.

"सापडलं रे!" तो ओरडला. नीट पाहावं म्हणून त्याने उजवा पाय पाइपाच्या पकडीवर ठेवला.

शंभर वर्षांची गंजलेली पकड. ती त्याच्या वजनाने मोडली. पाय घसरला, दोराला हिसका बसला आणि आधार गेलेला वरचा पाइप त्याच्या अंगाला घासत खाली आला आणि उजव्या मांडीच्या आणि विटांच्या मध्ये पाचरीसारखा रुतला. गुडघा वाकून भिंतीला चेपला. डावा हात डोक्याच्या वर होता, तो तिथेच राहिला.

पहिली काही मिनिटं त्याला दुखलंच नाही. तो नुसता हलायचा प्रयत्न करत होता. एक पाय हलेना, दुसऱ्याला सळई सापडेना. मिस्त्री वरून दोर ओढायचा, तर पाचर आणखी घट्ट व्हायची. दोर सोडायचा, तर पाइप खाली सरकून बरगड्यांवर यायचा.

"ओढू नको! सोडूही नको! आहे तसा बांध!"

मिस्त्रीने दोर गच्चीच्या कड्याला बांधला आणि जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरला. 

जावकबाई नुकतीच खुर्चीत बसून त्या दिवसाची तारीख वहीत टाकत होती. मिस्त्री दारात उभा राहून नुसता खांबाकडे हात करत होता. तिने त्याच्या अंगावरचा चुना पाहिला आणि काय ते समजली. वही तशीच हातात घेऊन ती बाहेर धावली.

खांबाशी काय करणार? तिने गिलाव्यावर तळहात मारले, कान लावला. काही ऐकू येईना. मग मिस्त्रीच म्हणाला, "वहिनी, खाली, जाळीपाशी. पाइपातून आवाज येतोय."

ती पायऱ्यांच्या कडेला पालथी पडली आणि तोंड जाळीजवळ नेलं.

"अहो!"

मग पाइपातून, विहिरीतून यावा तसा, त्याचा आवाज आला. खालच्या पाइपाचं उघडं तोंड नेमकं त्याच्या हनुवटीपाशी आलं होतं.

"अगं, बरा आहे. काही झालेलं नाही."

"वरून बघणार होतात ना?"

"भांडण घरी गेल्यावर कर."

"घरी या तर आधी," ती म्हणाली.

साडेनऊला इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी कोणालाही एक शब्द बोल लावला नाही. आधी मिस्त्रीला सगळं विचारलं, मग गच्चीवर जाऊन आल्या, मग जाळीशी बसल्या. "मामा, श्वास घेता येतोय? पाय जाणवतोय का?"

"बोटं जाणवत नाहीत."

"कधीपासून?"

"घड्याळ वरच्या हातात आहे, बाई."

अग्निशमन दलाची गाडी आली. त्यांचा अधिकारी वर जाऊन, खाली येऊन म्हणाला, "वरून निघणार नाही. बाहेरून खांब फोडून काढावा लागेल. शिडीवरून ते जमणार नाही, परांची लागेल. पण खांबावर छत आहे. फोडला तर छताचं काय, हे तुम्ही लिहून द्यायचं. त्याशिवाय मी छिन्नी लावणार नाही."

एव्हाना कुलसचिव आले होते. समारंभाचा कोट अंगात, चेहरा पांढराफटक. दुष्ट माणूस नव्हता तो. आल्या आल्या त्यांनी पाहुण्यांना फोन लावला, समारंभ पलीकडच्या सभागृहात हलवला, डॉक्टर बोलावला. पण खांब फोडायचं नाव निघताच ते दोन पावलं मागे सरकले.

"समितीला विचारायला हवं. मी आत्ता पत्र देतो. अत्यंत तातडीचं म्हणून. जावकबाई कुठे आहेत? पत्राला क्रमांक..."

आणि जावकबाई पायरीवर पालथी पडलेली पाहून ते तिथेच थबकले.

ती उठली. साडीला चुना, कोपर सोललेलं. शांतपणे बोलली. ती शांतपणे बोलते तेव्हा लोक खुर्चीतून उठतात.

"साहेब, मागल्या खेपेला दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची बिजागरी बदलायची परवानगी मागितली होती. तेही पत्र तातडीचंच होतं. मीच पाठवलं. उत्तर सात महिन्यांनी आलं. तेही मीच घेतलं. त्यात काय लिहिलं होतं सांगू? जुन्या बिजागरीचा फोटो जोडावा."

कुलसचिव म्हणाले, "माझे हात बांधलेले आहेत हो."

"त्यांचा एक हात आत अडकलाय, साहेब. तुमचे दोन्ही मोकळे आहेत."

इंजिनिअरबाई मात्र हे ऐकायला थांबल्या नव्हत्या. त्या आत दालनात गेल्या होत्या. तिथे भिंतीवर इमारतीचा मूळ आराखडा काचेच्या चौकटीत लावलेला होता. तीस-चाळीस वर्षं लोक त्या काचेत पाहून भांग नीट करत आले, आराखडा कोणी पाहिला नव्हता. बाईंनी खुर्चीवर चढून तो उतरवला, फरशीवर ठेवला आणि गुडघे टेकून वाचला. खांबाचा उभा छेद त्यात काढलेला होता. विटांचं कडं चौदा इंचांचं, आत पोकळी, वर दगडी तुळई. त्यांनी वहीच्या पाठीमागे आकडेमोड केली. एकदा केली, खोडली, परत केली. तिसऱ्यांदा केली, आकडा तोच आला.

बाहेर येऊन त्यांनी जावकबाईच्या हातातली वही मागितली. कोऱ्या पानावर लिहिलं: तिसऱ्या खांबाला पायथ्यापासून बावीस फुटांवर दोन फूट बाय दीड फूट भोक पाडावं, तुळईला आधी दोन बाजूंनी लाकडी टेकू द्यावेत, छताला धोका नाही, जबाबदारी माझी. खाली सही.

"बाई, नोकरी जाईल," कुलसचिव हळूच म्हणाले. धमकी नव्हती ती. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"माहीत आहे."

जावकबाईने त्या पानाला जावक क्रमांक टाकला, वेळ टाकली, पान फाडून अग्निशमन अधिकाऱ्याच्या हातात दिलं.

मग परांची परत उभी राहायला दीड तास गेला. रंगानंतर उतरवून मागे रचलेल्या नळ्या आणि फळ्या विद्यार्थी हातोहात पुढे देऊ लागले.

आत सुईला यातलं काही दिसत नव्हतं. वरची वाटी तेवढी दिसत होती, तीही मान मागे टाकता आली तर. मान टाकली की दोर गळ्याला काचत होता. ऊन चढलं तशी वीट तापली. नाकासमोर चार बोटांवर भिंत, पाठीला भिंत. घाम चुन्यात मिसळून कातडी जाळत होता. सगळ्यात वाईट एकच होतं, छाती पूर्ण फुगत नव्हती. अर्धा श्वास आला की वीट लागायची. एकदा लागली की आणखी मोठा श्वास घ्यावासा वाटायचा, आणि तो मिळत नाही हे कळलं की जीव घाबरा व्हायचा. दोनदा तो किंचाळला. नंतर त्याला त्याची लाज वाटली. कोणी ऐकलं असेल का, याचीही वाटली.

खाली ऐकलं होतं. जावकबाई परत जाळीशी आली होती.

"अहो, बोला माझ्याशी."

"तूच बोल. मला दम नाही."

काय बोलावं तिला सुचेना. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं अवघड कधी पडलं नव्हतं. हातात ती वही होती. तिने ती उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"चौदाशे बारा. परीक्षा विभागाला, फेरतपासणीबाबत. चौदाशे तेरा. ग्रंथालयाला, वाळवीबाबत. चौदाशे चौदा. वसतिगृहाला, मांजरांबाबत."

पाइपातून आवाज आला, "मांजरांबाबत काय?"

"गाद्यांवर व्यालीत."

"मग?"

"मग काय. कळवण्यात येते की पिल्लं मोठी होईपर्यंत खोली रिकामी ठेवावी."

आतून एक विचित्र आवाज आला. तिला आधी वाटलं तो रडतोय. तो हसत होता, आणि हसताना बरगडी दुखत होती म्हणून कण्हत होता.

तिने पंधराशेपर्यंत वाचलं. मधेच त्याचा हुंकार यायचा थांबला की ती ओरडायची, "ऐकताय ना?" तो म्हणायचा, "हं." एकदा तीन वेळा ओरडली तरी काही आलं नाही. तेव्हा तिने वही टाकली आणि दोन्ही हातांनी जाळी हलवायला लागली. दोघी विद्यार्थिनींनी तिला धरलं. तेवढ्यात आतून क्षीण आवाज आला, "वाच ना. थांबलीस का?"

टेकू लागले. मिस्त्री परांचीवर चढला. यंत्राने हादरे बसतील म्हणून बाईंनी छिन्नी-हातोडीच चालवायला सांगितलं होतं, आणि ती मिस्त्रीशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. पण नेमकं कुठे फोडायचं? हातभर वर फोडलं तर डोक्याशी, खाली फोडलं तर चेपलेल्या गुडघ्यावर.

बाई जाळीशी ओरडल्या, "मामा, मोकळ्या हाताशी काय आहे?"

"पाना आहे."

"कमरेच्या जरा वर, भिंतीवर मारा. जोरात. मारत राहा."

त्या धावत परांचीवर चढल्या आणि गिलाव्याला कान लावून हळूहळू गोल फिरल्या. इथे नाही. इथेही नाही. मग एका जागी थांबल्या, डोळे मिटले, खडूने फुली मारली. "इथे."

मिस्त्रीने पहिला घाव घातला तेव्हा खाली चारशे माणसं उभी होती. शंभर वर्षं घोटलेला तो गिलावा काचेसारखा तडकला. मग वीट. एक एक वीट तो दात काढावा तशी हलवून काढत होता. पाचवी वीट निघाली आणि भोकातून एक पांढरा हात बाहेर आला. हातात पाना होता. मिस्त्रीने तो हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. शेवटी बाईंनीच त्याला हलवलं. "अजून बाकी आहे, मिस्त्री."

दुपारी तीनला पाइप कापून सुईला बाहेर काढलं. तो इतका पांढरा होता की विद्यार्थ्यांना वाटलं, मेला. बायकोने त्याच्या तोंडावरून ओला पदर फिरवला तेव्हा खालून त्याचा नेहमीचा रंग निघाला. तो नुसता वर आभाळाकडे बघत राहिला, आणि गाडीत घालताना दार लावू लागले तसा जो ओरडला, तो ओरडा सगळ्या पायऱ्यांवर ऐकू गेला. शेवटी मागचं दार उघडं धरून, हळू चालवत त्याला दवाखान्यात नेलं.

पाय वाचला, गुडघा गेला. तीन महिन्यांनी तो काठी घेऊन चौकशीला हजर झाला.

चौकशी इंजिनिअरबाईंची होती. विनापरवाना वारसा वास्तूची मोडतोड आणि कर्मचाऱ्याचा जीव धोक्यात घालणं, असे दोन आरोप. पहिला त्यांनी मान्य केला होता. दुसऱ्यावर सुईची साक्ष. त्याला चारी बाजूंनी सल्ले आले. संघटनेचा माणूस म्हणाला, "बाईंनी सांगितलं म्हणून उतरलो, एवढं म्हण. कामावरची दुखापत धरतील, सोयीची जागा देतील. बाई काय, शिकलेल्या आहेत, दुसरीकडे लागतील." कुलसचिवांकडून कोणी आलं नाही. पण ते जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी तब्येतीची चौकशी केली आणि मान खाली घातली. सुईला कळलं, त्यांनाही त्याच्या साक्षीची भीती आहे.

घरी त्याने बायकोला विचारलं, "काय सांगू?"

"मला काय विचारता? खोटं सांगायचं असेल तर तिथेच सांगून या. घरी आणू नका."

चौकशी समितीची खोली पहिल्या मजल्यावर होती. उंच खिडक्या, पण जुन्या रंगाने चिकटून कायमच्या बंद झालेल्या. टेबलामागे तिघे. शिपायाने त्याला खुर्ची दिली आणि बाहेर जाताना दार ओढून घेतलं.

सुईचे तळहात लगेच ओले झाले. "साहेब, दार उघडं ठेवता येईल का?"

"चौकशी गोपनीय आहे."

"थोडं. बोटभर."

"नियमात नाही. पाचच मिनिटं लागतील."

तो खुर्चीच्या कडेवर सरकला. समोरची भिंत जवळ आल्यासारखी वाटत होती. श्वास अर्ध्यावर अडत होता. खोली चांगली वीस फूट लांब आहे हे त्याला दिसत होतं, पण छातीला ते पटत नव्हतं.

"खांबात उतरायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो उठून दाराकडे गेला असता. एक वाक्य बोलून सुटका होती. "बाईंनी" म्हटलं की झालं, दार उघडलं असतं. त्याने काठी दोन्ही हातांनी धरली.

"बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांसमोर. कुलसचिव साहेब म्हणाले, जमलं तर बघा. पण त्यांनीही उतरा म्हटलं नव्हतं." त्याला थांबून दम घ्यावा लागला. "मीच उतरलो. कालच्या पोरीनं मला थांबवावं, हे मला सहन झालं नाही. मिस्त्रीही नको म्हणत होता. बायकोशी मी खोटं बोललो. लिहा हे."

"बायकोचं लिहायची गरज नाही."

"मग बाकीचं लिहा. लवकर लिहा."

लेखनिकाने लिहिलं. मग वाचून दाखवलं. मग एक शब्द चुकला होता तो बदलला. मग परत वाचलं. सुईने सही केली तेव्हा कागदावर घामाचा ठिपका पडला आणि तिघांपैकी एकाने तो टीपकागदाने टिपला. दार उघडेपर्यंत तो भिंतीला हात लावून उभा राहिला.

दुसरा आरोप पडला. पहिल्यासाठी बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांनी ती घेऊन दुसऱ्या गावी नोकरी धरली. जायच्या आदल्या दिवशी त्या सुईच्या घरी येऊन गेल्या. चहा झाला. दारात त्या एवढंच म्हणाल्या, "मामा, तुमच्यामुळे सुटले." तो म्हणाला, "आधी अडकलात कुणामुळे?" आणि त्याने हात जोडले. वयाने लहान माणसासमोर त्याने हात जोडल्याचं जावकबाईने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सुईने आदेश मोडला होता, म्हणून त्याची दुखापत कामावरची धरली गेली नाही. त्याला भांडारात बसवलं. नळ, वायसर, कोपरे, बिजागऱ्या चिठ्ठी बघून द्यायच्या. भांडार त्याच इमारतीच्या तळघरात आहे. खिडकी नाही. त्याने जागा बदलून मागितली, उत्तर आलं की जागा उपलब्ध नाही. त्या उत्तराला आवक क्रमांक त्याच्या बायकोनेच टाकला. निवृत्तीला अकरा वर्षं आहेत.

भांडाराचं दार आगीच्या नियमाप्रमाणे आपोआप बंद होणारं आहे. त्याला पाचर लावायची नाही, अशी पाटी आहे. म्हणून तो स्टूल टाकून बाहेर बोळात बसतो. कोणी चिठ्ठी घेऊन आलं की आधी दोन-तीन मोठे श्वास घेतो, मग आत जातो आणि बहुतेक वेळा चुकीची वस्तू घेऊन घाईने बाहेर येतो. लोकांना आता माहीत झालंय. कोणी त्याला सुई म्हणत नाही.

जेवणाच्या सुट्टीत जावकबाई खाली येते. सकाळपासून साचलेल्या चिठ्ठ्या तेव्हा निपटायच्या, असं त्यांनी ठरवून टाकलंय. ती दार उघडून त्याला पाठ टेकवून उभी राहते. स्प्रिंग जड आहे, पाठीत कळ येते. तो आत कपाटं धुंडाळतो.

"अर्ध्या इंचाचे वायसर कुठल्या खणात असतील गं?"

"मला काय ठाऊक, माझा विभाग आहे का? सावकाश बघा."

"आहेस ना तिथे?"

"आहे. बघा तुम्ही."